हातभर वाढवलेला टप

गाडी माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, म्हणजे भावोजींची. तिच्या विम्याचा फॉर्म भरला मी. जागा रोह्याजवळचं वरसे, त्यांच्या घराचा ओटा. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. भावोजी धाटावच्या एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहेत. त्या आठवड्यात त्यांची दुसरी पाळी होती, म्हणून लवकर जेवून निघायचं होतं. ताई आत भाजी चिरत होती. विम्याची मुदत दोन दिवसांत संपत होती. आधीचा एजंट मुलाकडे राहायला गेला होता आणि फोन उचलत नव्हता.

"तुझ्या मोबाइलवर होतं ना हे सगळं? मग करून टाक, पत्रकार," भावोजी म्हणाले. मला ते नावाने कधी हाक मारत नाहीत.

मी पेणला राहतो आणि एका दैनिकाच्या जिल्हा पानाचं काम बघतो. गावाचं नाव, मृताचं वय, जखमींची संख्या दोनदा तपासल्याशिवाय पान सोडायचं नाही, हे माझं रोजचं काम. फॉर्ममध्ये प्रश्न एकामागोमाग येत होते. मी वाचत होतो, भावोजी नखं काढता काढता उत्तरं देत होते.

"गॅसचं किट बसवलंय?"

"नाय."

"म्युझिक सिस्टिम, स्पीकर?"

"गायला तुझी ताई हाय की शेजारच्या सीटवर. बंद करायचं बटण तेवढं नाय."

"ऐकू येतंय हो मला," आतून ताई म्हणाली. "आज आमटीत मीठ तुमचं तुम्ही घाला."

"चाकं बदलली? जादा दिवे?"

"अरे, मी काय कॉलेजात जातो काय?"

त्याखाली शेवटचा प्रश्न होता. वाहनाच्या मूळ रचनेत इतर काही बदल केला आहे का, असा.

"इतर काही बदल?"

"नाय."

मी 'नाही'वर बोट ठेवलं. गाडी आमच्यापासून दहा पावलांवर उभी होती. तिचा टप, म्हणजे वरचं छत, कंपनीतून आला त्यापेक्षा हातभर उंच होता.

भावोजींचं घराणं पेणचं, मूर्तिकारांचं. मूर्तींचा कारखाना थोरल्या भावाकडे राहिला, भावोजी नोकरीसाठी रोह्याला आले. मातीतला हात सुटला तरी घरचा एक नियम त्यांनी सोडला नाही. मूर्तीचे डोळे आखून झाले की ती आडवी करायची नाही. गवतात गुंडाळून टेम्पोत आडव्या ठेवलेल्या मूर्ती त्यांना बघवत नसत. "नजर आली की माणूस झाला. माणसाला असा गोणीसारखा टाकशील काय?" ते म्हणत. दरवर्षी गणपतीच्या आधी दोन-तीन दिवस ते आपल्या गल्लीतल्या घरांसाठी पेणहून मूर्ती आणत. ताईच्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं एसटीतून, मूर्ती मांडीवर घेऊन. मग जुनी व्हॅन घेतली. मागच्या सीट काढून खाली काथ्या आणि गादी अंथरायची, पाटावर मूर्ती उभी ठेवायची, दोन्ही बाजूंना कोणीतरी धरून बसायचं. यासाठी त्यांनी कधी कोणाकडून पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत.

मूर्ती उंच होत गेल्या. मागे प्रभावळ आली, डोक्यावर फेटा आला. एका वर्षी गल्लीतल्या एका घरची मूर्ती पाटासकट आत उभी राहीना. घरमालक म्हणाला, आडवी घ्या की, एवढ्यासाठी काय अडतंय. भावोजींनी ती मूर्ती घेतली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच घराने टेम्पो केला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात भावोजींनी धाटावला टाक्या जोडणाऱ्या एका वेल्डरकडून व्हॅनचा टप कापून घेतला, लोखंडी अँगलवर हातभर उचलला आणि वर नवा पत्रा बसवला. साधा पत्रा पावसात वाजतो, म्हणून टाकीचा जाड पत्रा घेतला. रंग मूळ रंगाशी मिळवून मारला. रंगाच्या बाबतीत ते कोणाचं ऐकत नसत आणि ऐकायची गरजही पडत नसे. रंगाचा जोड कुठे आहे ते दाखवल्याशिवाय कळत नव्हतं.

गल्लीतली सगळी माणसं ती गाडी बघायला आली. ताईने नारळ फोडला. त्या दिवसापासून तो टप आमच्यापैकी कोणाच्याही लेखी गाडीतला बदल नव्हता. मोठ्या आवाजाचा हॉर्न, रुंद चाकं, काचांवर काळी फिल्म, हे बदल. पोरं करतात ते. टप ही देवाची सोय होती. दारात तुळशीसाठी वृंदावन बांधलं म्हणून कोणी घराची रचना बदलली म्हणत नाही, तसं. म्हणून भावोजींनी 'नाय' म्हटलं, आणि म्हणून मीही समोरच्या गाडीकडे बघून पुन्हा विचारलं नाही. त्यांनी तसं म्हणणं समजू शकतो. मी न विचारणं मला अजून समजलेलं नाही.

पॉलिसीवर माझा मोबाइल नंबर आणि माझा ईमेल गेला. त्यांच्या फोनवर मेसेज येऊन साठतात, वाचत कोणी नाही, म्हणून.

त्या वर्षी मूर्ती नीट पोचल्या. फेब्रुवारीत एका रविवारी ताई आणि भावोजी माझ्याकडे पेणला जेवायला आले होते. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. दुसऱ्या दिवशी शाळा होती, म्हणून साडेचारला निघाले. नागोठणं सोडून रोह्याकडे येताना खिंड लागते. तिथल्या एका वळणावर समोरून टँकर मधूनच आला. भावोजींनी गाडी डावीकडे घेतली. डावं चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं आणि गाडी डाव्या अंगावर पडली. वेग जास्त नव्हता. भावोजी नंतर पोलिसांना म्हणाले, "आपटली नाय. कलत कलत गेली." ताई डावीकडे बसली होती. तिला रोह्याला नेईपर्यंत ती गेली होती. भावोजींचा खांदा निखळला होता. टँकर थांबला नव्हता. तो कोणता, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या पानावर चार ओळींची बातमी आली. ती मी लिहिली नव्हती. तिच्यात एकही चूक नव्हती.

विम्याचा दावा मी दाखल केला. भावोजींना त्यात रस नव्हता. "गाडी काय करायचीय आता," एवढंच म्हणाले. पण कागद असला की तो पुढे न्यायचा, या सवयीने मी तो नेला. तेराव्यानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. तिशीचा, नम्र माणूस. गाडी कोलाडच्या एका गॅरेजच्या आवारात होती. भावोजी हात गळ्यातल्या झोळीत अडकवून आले होते. सर्व्हेअरने टेप काढला, मोजमापं घेतली, फोटो काढले.

"काका, हा टप कधी वाढवला?"

"दोन वर्षं होतील."

"कशासाठी?"

"गणपती उभे बसायला."

त्याने भावोजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आरटीओत नोंद केली होती? विमा कंपनीला कळवलं होतं?"

"त्यात कळवायचं काय?" भावोजी म्हणाले. त्यांच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

सर्व्हेअरने टेप गुंडाळला. तो गॅरेजवाल्याशी बोलत राहिला. टपावर हाताने दोनदा थाप मारून म्हणाला, "जाड आहे हो पत्रा. वर वजन फार झालंय."

परतताना आम्ही रिक्षात होतो. भावोजी बाहेर बघत होते. मग म्हणाले, "वर वजन झालं म्हणजे?"

"ते लोक सगळंच लिहितात," मी म्हटलं.

"मी काय विचारतोय? टपामुळं पलटी झाली काय?"

"असं कोणी म्हटलेलं नाही."

हे तेव्हा खरं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर मी वरसेला गेलो की ते आधी माझ्या हाताकडे बघत, कागद आहे का म्हणून. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांना मूल नाही. पहिली पाळी करून आले की ओट्यावर बसत आणि शेजारची बाई डबा आणून ठेवत असे. गल्लीतल्या लोकांनी त्या वर्षी गणपतीचं काय, असं त्यांना विचारलं नाही. मला विचारलं. मी सांगितलं, तुमचं तुम्ही बघा.

कंपनीचं पत्र माझ्या ईमेलवर आलं. इंग्रजीत होतं. त्याचं मराठी असं: विमा घेताना विमाधारकाने वाहनातील महत्त्वाच्या बदलाची माहिती लपवली, सबब दावा नामंजूर.

दावा नामंजूर झाला याचं मला काही वाटलं नाही. 'लपवली' हा शब्द मला चालला नाही. ज्या माणसाने टप गल्लीसमोर नारळ फोडून बसवला, सर्व्हेअरने विचारताच सरळ सांगितला, त्याच्या नावावर तो शब्द पडला होता. आणि तो पडला माझ्या बोटामुळे. मी कंपनीच्या तक्रार विभागाला सविस्तर लिहिलं. फॉर्म मी भरला. प्रश्न मी वाचला. वाहन समोर उभं होतं. विमाधारकाचा हेतू लपवण्याचा नव्हता. 'लपवली' हा उल्लेख काढावा. पत्रात विशेषणं नव्हती. मला ते चांगलं वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. फॉर्म कोणीही भरला तरी दिलेल्या माहितीची जबाबदारी विमाधारकाची असते, असं एका वाक्यात. सोबत सर्व्हेअरचा पूर्ण अहवाल जोडला होता. मी तो मागितला नव्हता. पण माझ्या पत्राशिवाय त्यांनी तो पाठवलाही नसता. अहवालाच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: टपाची उंची आणि वरचं वजन वाढल्याने वाहनाच्या तोलावर परिणाम झाला असावा. चाक रस्त्याखाली उतरल्यावर वाहन उलटण्यास हे कारण ठरल्याची शक्यता नाकारता येत नाही.

शक्यता नाकारता येत नाही. हे वाक्य मी कितीतरी बातम्यांत घातलं आहे, दुसऱ्यांच्या बातम्यांत राहू दिलं आहे. आगीचं कारण कळलं नाही की ते घालायचं, बुडालेल्या होडीत किती माणसं होती ते कळलं नाही की ते घालायचं. त्याने कोणाची बदनामी होत नाही आणि ओळही भरते.

अहवाल अकरा दिवस माझ्या फोनमध्ये राहिला. भावोजींचा नंबर त्या पत्रव्यवहारात कुठेच नव्हता. मी सांगितलं नसतं तर त्यांना कधीच कळलं नसतं. पण पुढची पायरी विमा लोकपालाकडे जाण्याची होती, आणि त्या अर्जावर विमाधारकाची सही लागते. न वाचता सही करणारा माणूस तो नव्हता. दोन गोष्टी उरल्या: तो शब्द तसाच ठेवायचा आणि गप्प बसायचं, नाहीतर अहवाल त्यांच्यापुढे ठेवायचा. मी दुसरी निवडली. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की त्यांचं नाव स्वच्छ व्हावं म्हणून. त्यात माझंही काही होतं. फॉर्म मी भरला हे कुठेतरी लेखी नोंदलं जावं, असं मला वाटत होतं.

मी दुपारी गेलो. पहिली पाळी करून ते नुकतेच आले होते. कारखान्याचा निळा शर्ट अंगातच होता. मी अर्ज काढला, सही कुठे करायची ते दाखवलं.

"आधी वाच," ते म्हणाले. "सगळं वाच. मागचंबी."

मी अर्ज वाचला. मग अहवाल वाचला, मराठी करत करत. तिसऱ्या पानावर थांबलो नाही. थांबलो असतो तर त्यांना कळलं असतं, म्हणून त्याच आवाजात वाचत गेलो.

"परत वाच ते. शेवटचं."

मी वाचलं.

"नाकारता येत नाय म्हणजे व्हय, का नाय?"

"तसं काहीच नाही, भावोजी. त्यांना माहीत नाही, एवढाच अर्थ."

"तुमी पेपरात घालता ना हे? तवा वाचणारा काय समजतो?"

वाचणारा काय समजतो हे मला माहीत होतं.

ते उठले, आत जाऊन पाणी पिऊन आले. बसले. मग जे बोलले ते मी शक्य तितकं जसंच्या तसं लिहितो.

"वळणावर डोलायची ती. टप केल्यापासनं. मला कळायचं, तिलाबी कळायचं. मूर्ती असल्या की मी वीसच्या वर जायचो नाय, म्हणून तवा काय वाटायचं नाय. ती म्हणायची, देव बसले की गाडी गुमान चालते, आपण बसलो की नाचते. हसायची. मी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात पत्रा हलका घालू." पुन्हा म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात."

ओट्यापुढून एक ओळखीचा दुचाकीवाला गेला, त्याने हात केला. भावोजींनीही केला.

"हा अर्ज नको," ते म्हणाले. "दुसरा लिही. मी सांगतो तसा."

मी वही काढली. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: टप मी कापून वाढवला. जाड पत्रा मीच निवडला. याची माहिती कंपनीला दिली नाही. मला दावा नको, तक्रार नको. एवढंच. सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत. हे त्यांनी आधी कधीतरी जुळवून ठेवलं असावं.

शेवटी मी माझ्याकडून एक वाक्य घातलं: विम्याचा फॉर्म मी भरला नसून माझ्या मेव्हण्याने भरला व बदलाविषयीचे उत्तर त्याने नोंदवले. मग पूर्ण अर्ज त्यांना वाचून दाखवला.

"ते खालचं काढ."

"ते खरं आहे, भावोजी."

"काढ म्हटलं ना."

"प्रश्न मी वाचला होता. टप समोर दिसत होता मला."

"मला दिसत नव्हता काय? आंधळा होतो मी?" त्यांचा आवाज चढला. त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा. "तू विचारलंस, मी नाय म्हटलं. कापला मी. चालवत मी होतो. तिला त्या बाजूला बसवून आणली मी. तुझं काय आहे यात? भाऊ हायस तू तिचा, भाऊ म्हणून रड. यात वाटा मागू नको."

मी ते वाक्य खोडलं. त्यांना खाडाखोड चालली नाही. मी नव्या कागदावर सगळं पुन्हा लिहिलं, ते वाक्य सोडून. त्यांनी सही केली आणि तारीख घालायची का विचारलं. मी म्हटलं, घाला. त्यांनी मला त्या दिवशी वाचवलं की परकं केलं, हे मी ठरवू शकलेलो नाही. दोन्ही असेल. त्यांना विचारण्याजोगा तो प्रश्न नव्हता.

जेवायचा आग्रह त्यांनी केला. शेजारणीच्या डब्यातली वालाची उसळ दोघांत वाटून खाल्ली. ताईच्या हातच्यापेक्षा तिखट होती. तसं कोणी बोललं नाही. चारच्या सुमारास मी रोह्याच्या पोस्टातून अर्ज रजिस्टरने पाठवला आणि एसटीने पेणला आलो.

पंधरा-वीस दिवसांनी कंपनीचा मेसेज आला, माझ्याच फोनवर. फाईल बंद करण्यात आल्याचा. मी भावोजींना फोन लावला. ते कारखान्याच्या गेटवर होते. मागे बसमधून उतरणाऱ्या माणसांचे आवाज येत होते, कोणीतरी कोणाला तरी डबा विसरल्यावरून चिडवत होतं.

"कारण काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

सांगणं टाळता आलं असतं. मी वाचलं. "विमाधारकाने माहिती लपवल्याचे लेखी मान्य केल्यामुळे."

"लपवल्याचं?"

"हो. तसं लिहिलंय. तुमच्या अर्जात तो शब्द नव्हता. पाहिजे तर मी त्यांना कळवतो की..."

"राहू दे."

"भावोजी, ते चुकीचं आहे."

पलीकडे बसचा आवाज दूर गेला.

"तिला म्हणायचो मी, काय नाय, डांबर खराब हाय म्हणून हलते," ते म्हणाले. "त्यांनी बरोबर लिवलंय."

पाळी बदलायची वेळ झाली होती. आत जाताना फोन गेटवर ठेवावा लागतो. तो ठेवतो म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.